मिठाच्या अकरा पुड्या

लग्न दीक्षाचं होतं आणि वाद मिठाचा पेटला होता.

दुपारचे तीन वाजले होते. आखाडा बाळापूरच्या त्या अंगणात कडुनिंबाखाली लसणाचा ढीग पडला होता आणि घरची सगळी माणसं त्याच्याभोवती बसली होती. दुसऱ्यांच्या लेकींच्या लग्नांत जेवू घालण्यात जनकाबाईची अठ्ठावीस वर्षं गेली होती. उद्या तिची स्वतःची लेक लग्नाला उभी राहणार होती, आणि त्या लेकीनं लसूण सोलता सोलता एकच अट घातली.

“माय, उद्या तू माझ्याजवळ बसायची. सगळा विधी होईस्तोवर उठायचं न्हाई.”

“बसते की.”

“भट्टीवरून कुणी हाक मारली तरी?”

जनकाबाईनं एक पाकळी फारच निगुतीनं सोलली. “हाक कोण कशाले मारतंय? मीठ टाकायपुरती जाईन अन् येईन.”

“बघ दादा!” दीक्षानं हातातला लसूण परातीत आपटला. “मी म्हणलं नव्हतं?”

दादा म्हणजे प्रेमानंद. तो आईच्या स्वयंपाक मंडळासाठी लग्नांच्या सुपाऱ्या घ्यायचा, भांडी-गाड्या बघायचा, आणि आई व बहीण यांच्यामध्ये सापडला की मोबाइल बघायचा. आत्ताही त्यानं तेच केलं.

जनकाबाईच्या स्वयंपाक मंडळात कांदा कुणी चिरायचा, पुऱ्या कुणी लाटायच्या याला काही कायदा नव्हता. कायदा एकच होता. मीठ जनकाबाईनंच टाकायचं. गंज, म्हणजे मोठं पातेलं, उकळला की कुणीतरी ओरडायचं, “माय, मीठ!” मग ती येईपर्यंत सगळ्यांनी चाटू बाजूला धरून उभं राहायचं. ती यायची, पदर खोचायची, मुठीतलं मीठ तळहातावर एकदा तोलायची आणि सोडायची. कधी चुकलं नाही. पण गोरेगावच्या लग्नात तिची जीप सेनगावच्या अलीकडं बंद पडली, तेव्हा सहाशे माणसांचं वरण पाऊण तास नुसतं रटरटत राहिलं. मिठाचं पोतं तिथंच होतं, आणि चार जाणत्या बाया त्याच्याकडं बघत उभ्या होत्या. घरात तो विषय कुणी काढत नसे, म्हणजे जळबा सोडून.

“त्या दिवशी पोतंच म्हणलं असंल,” जळबा बाजेवरून बोलला, “बायानो, मीच उडी मारू का आता?”

जळबा जनकाबाईचा नवरा. बायकोच्या मंडळात त्याचं काम चव बघण्याचं होतं. ते कुणी दिलं नव्हतं, पण त्यात त्यानं कधी खाडा केला नव्हता.

“तुमी गप बसा,” जनकाबाई म्हणाली.

शीतलनं मांडीवरचं आठ महिन्यांचं लेकरू या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. ती प्रेमानंदची बायको. बाळंतपणाआधी तीन वर्षं संभाजीनगरच्या एका कंपनीत माणसांच्या खात्यात होती, आणि तिथून आणलेलं शहाणपण सासरी कधी काढावं याची वेळ तिला अजून नीट साधत नव्हती.

“आत्याबाई, रागावू नका. पण आमच्या कंपनीत एक गोष्ट शिकवायचे. माणसाला कामात स्वायत्तता दिली ना, तर ते काम त्याला आपलं वाटतं.”

“काय दिली?”

“स्वायत्तता.”

“ही सवत कुठून काढली तू?” जनकाबाईचे डोळे मोठे झाले. “माझ्या घरात सवत-बिवत चालायची न्हाई.”

जळबा बाजेवर उठून बसला. “सुनबाई, इस्कटून सांग. माझ्या फायद्याचं दिसून राहिलं.”

हसण्याचा पहिला जोर ओसरल्यावर शीतलनं सांगितलं. प्रत्येक बारीक गोष्ट विचारायला लावली की माणूस विचार करायचंच सोडतो. त्याला सांगावं, हे काम तुझं, कसं करायचं ते तू ठरव. मग तो जीव लावून करतो.

“माझ्या बाया जीव लावत न्हाईत?”

“लावतात की. पण मिना…” शीतल नवऱ्याकडं बघून थांबली.

प्रेमानंदनं मोबाइल खाली ठेवला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. “माय, मिना चालली. कनेरगाव नाक्यावर तो ओमप्रकाश नवा ढाबा काढून राहिला. अख्खं स्वयंपाकघर तिच्या हातात देतो म्हणे. काय शिजवायचं, कसं शिजवायचं, सगळं तिनं बघायचं. बहीणही तिथंच आहे तिची. उद्या सांजेपर्यंत कळवते म्हणून सांगितलंय तिनं.”

जनकाबाईनं सोललेली पाकळी सालपटांत टाकली.

मिना तेरा वर्षांपूर्वी कांदा चिरायला आली होती. आज अर्धं मंडळ तीच चालवायची. आत्ताही ती टेंपो घेऊन भांडी आणायला गेली होती, आणि कुठला गंज कुठं लागेल हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

“मले बोलली न्हाई,” जनकाबाई म्हणाली.

“मिठाशिवाय तुले विचारायची गोष्टच राहिली नव्हती तिची,” जळबा म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता.

दीक्षानं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. जनकाबाईनं तो तसाच राहू दिला.

“बरं,” ती म्हणाली. “उद्या मीठ मिना टाकील.”

जळबाच्या हातातली पाकळी खाली पडली.

*

तासाभरानं शीतल लेकराची दुपटी शोधत कोठीच्या खोलीत गेली, तर सासूबाई जमिनीवर बसलेल्या. पुढ्यात मिठाचं पोतं. वर्तमानपत्राचे चौकोन फाडून त्यात मूठ-मूठ मीठ घालून पुड्या बांधणं चाललं होतं. कागदावर कोळशाचे ठिपके होते. एक ठिपका वरण, दोन ठिपके भाजी, तीन भात.

“आत्याबाई, हे काय?”

“मिनाच टाकील. मी कुठं न्हाई म्हणलं?” जनकाबाईनं दोऱ्याची गाठ मारली. “तिनं फकस्त पुडी फोडायची.”

शीतलला हसू आवरेना. “मग ते मीठ तिचं कसं झालं? हात तिचा, पण डोकं तुमचंच की.”

“तुझ्या कंपनीत काय बनवत होते?”

“गाड्यांचे सुटे भाग.”

“ते बिघडले तर?”

“परत पाठवायचे.”

“वरण परत जात न्हाई, पोरी.” जनकाबाईनं पुढची मूठ भरली, तळहातावर तोलली. “पहिली सुपारी मिळाली तवा तुझा नवरा असा मांडीवर होता. लोक म्हणत होते, यांच्या हातचं खायाचं का? कुणी उघड बोललं, कुणी पोट दुखतंय म्हणून उठलं. मी ठरवलं, जेवण असं करीन की बोलायले जागाच ऱ्हाणार न्हाई. दुसऱ्याचं वरण खारट झालं तर लोक मिठाले नाव ठेवतात. आपलं झालं तर हाताले. म्हणून मीठ मी सोडत न्हाई. मिना ग्वाड आहे, हुशार आहे. तिच्यावर इस्वास न्हाई असं न्हाई. लोकांवर न्हाई.”

लेकरानं शीतलच्या गळ्यातली पोत ओढली, तिनं ती सोडवली. मग ती खाली बसली, लेकराला पायांच्या मध्ये ठेवलं आणि दोरा उचलला.

“किती राहिल्या?”

“चार.”

सगळ्या मिळून अकरा झाल्या. शेवटच्या चार पुड्यांच्या गाठी शीतलनं मारल्या. रात्री प्रेमानंदनं विचारलं, समजावलं का आईला, तर ती म्हणाली, “चालू आहे.”

*

सकाळी दहाला जनकाबाईनं भट्टीजवळ येऊन मिनाच्या हातात पिशवी दिली. ठिपके समजावले. पांढरं नवं लुगडं सावरत पुन्हा एकदा समजावले. मग दीक्षा बोलवायला आली म्हणून गेली.

मिनानं पिशवी उघडली आणि आत बघितलं.

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिला एकदम थकल्यासारखं झालं. काल संध्याकाळी भांडी उतरवताना मंडळातल्या लखमानं कानात सांगितलं होतं, ‘उद्या मीठ तुझं.’ तेव्हापासून तिनं मनातल्या मनात दहा वेळा मूठ भरली होती. रात्री पोरांना वाढतानासुद्धा तिनं स्वतःच्या वरणात मीठ टाकून हाताकडं पाहिलं होतं. आणि आता या पुड्या! तेरा वर्षांनी तिला पुडी फोडायची परवानगी मिळाली होती.

तिनं पिशवी फळीवर ठेवून दिली. वरणाचे दोन्ही गंज रटरटत होते. तिनं कुणाला हाक मारली नाही. पोत्यात हात घातला, मूठ तोलली, सोडली, अजून एक सोडली. दुसऱ्या गंजातही तशाच दोन सोडल्या. चाटूनं ढवळून थेंबभर जिभेवर ठेवलं.

बरोबर होतं. तिला हसूच आलं. इतकं सोपं होतं हे!

ती पुऱ्यांच्या बायांकडं वळली.

आता भट्टीवरचा पुंजाजी. साठीचा माणूस, मंडळाच्या पहिल्या दिवसापासून जाळ घालणारा. त्यानं मिनाला मीठ टाकताना पाहिलं नव्हतं, कारण तो वाकून लाकूड सारत होता. उठून बघतो तर फळीवर पिशवी, पिशवीत पुड्या जशाच्या तशा. पोरगी विसरली! जनकाबाई आली तर हिला फाडून खाईल. पुंजाजीला मिनाची माया होती. त्यानं इकडंतिकडं बघितलं, एका ठिपक्याच्या चारही पुड्या काढल्या आणि दोन-दोन करून गंजांत सोडल्या. वर कागदही चुलीत घातले, म्हणजे पोरीचं नाव खराब व्हायला नको.

भाजीच्या पुड्या काढणार एवढ्यात जळबा वाटी घेऊन आला.

“वाढ रे जरा. पाहू काय म्हणतंय मिनाचं वरण.”

त्यानं घोट घेतला. त्याचा चेहरा आधी लांब झाला, मग आखूड झाला, मग त्यानं वाटी हळूच खाली ठेवली.

“मिने,” तो म्हणाला, “पाणी दे पोरी. हंडाभर दे.”

मिना धावत आली. तिनं चाखलं. तिचं पहिलं मन म्हणालं, मी टाकलं ते बरोबर होतं. दुसरं मन म्हणालं, मग हे काय आहे? तेवढ्यात तिला फळीवरची पिशवी दिसली, आणि तिच्याकडं न बघणारा पुंजाजी दिसला.

“काका?”

“तू विसरलीस म्हणून,” पुंजाजी म्हणाला. त्याच्या हातात अजून दोन ठिपक्यांची एक पुडी होती. ती त्यानं पाठीमागं लपवली.

बातमी प्रेमानंदपर्यंत पोचली, त्याच्यापाठोपाठ शीतल लेकरू कडेवर घेऊन आली. मांडवात विधी सुरू झाल्याचा आवाज येत होता. पंगतीला तास राहिला होता, आणि दोन गंज वरण जनावरांनाही दाखवण्यासारखं नव्हतं.

“मायले बोलवतो,” प्रेमानंद म्हणाला.

शीतलनं मिनाकडं बघितलं. या बाईनं आत्ता एप्रनचा बंद सोडून रस्त्यावरची पहिली जीप धरली असती, तर तिला कुणी दोष दिला नसता. पुड्यांच्या गाठी तर शीतलच्याच हातच्या होत्या.

“मिना,” ती म्हणाली, “बोलवू का? तू सांग.”

मिनानं गंजाकडं पाहिलं. तिला ओमप्रकाशचा ढाबा आठवला, तिथल्या कोऱ्या भांड्यांवरची स्टिकरं आठवली. मग तिनं ते सगळं बाजूला सारलं, कारण समोर सातशे माणसं जेवायची होती.

“नका बोलवू. भाऊ, गाडी काढा. बाजारातून मुगाची डाळ आणा, पंधरा किलो.”

“मुगाची? आपल्या वरणात मूग कधी…”

“तुरीची शिजेस्तोवर पंगत उठंल. मूग वीस मिनिटांत होतो. बिनमिठाचा शिजवते अन् यात घालते.”

“पण मायले एकदा इचारून…”

“भाऊ,” मिना म्हणाली, “गाडी.”

प्रेमानंद गेला. गाडी सुरू केल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण कुणालाच काही विचारलं नाही आणि त्यानं काही बिघडलंही नाही. उलट जरा हलकंच वाटत होतं.

“मी काय करू?” शीतलनं विचारलं. तिच्याकडं सुचवण्यासारखं बरंच होतं. संकटात गट कसा सांभाळायचा याचं दोन दिवसांचं शिबिर तिनं केलं होतं.

“वहिनी, तुमी लेकरू बाबांकडं द्या अन् त्या मोठ्या भगुन्यात पाणी भरा. डाळ आली की धुवायला लागंल.”

“हो,” शीतल म्हणाली आणि निमूट पाणी भरायला लागली.

मग मिना पुंजाजीकडं वळली. तो लाकडासारखा उभा होता.

“काका, तिसरी भट्टी पेटवा.”

“जाळ किती ठेवू?”

मिनाच्या ओठावर उत्तर आलं होतं. ते तिनं परत घेतलं. “अठ्ठावीस वरसं जाळ घालून राहिले तुमी. मले काय इचारता?”

पुंजाजीनं बाभळीची तीन लाकडं उचलली, दोन परत ठेवली, आणि एक मोठा ओंडका घेऊन आला.

*

मांडवात बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या लागल्या होत्या. पांढऱ्या साडीतली दीक्षा, शेजारी नवरदेव, आणि दीक्षाच्या दुसऱ्या बाजूला जनकाबाई. ओठ पंचशील म्हणत होते, पण नाक भट्टीकडं होतं. मूग! तिच्या नाकाला मूग शिजताना कळला. तिच्या कुठल्याच लग्नात मूग नव्हता.

तेवढ्यात कडेकडेनं वाकत पुंजाजी आला. मिनानं नको म्हटलं होतं, पण भट्टी धडधडून पेटली, हात रिकामे झाले आणि त्याला राहवलं नाही. तो जनकाबाईच्या खुर्चीमागं उकिडवा बसला.

“बाई,” तो कुजबुजला, “मीठ दुप्पट झालं वरणात.”

जनकाबाई अर्धी उठलीच. तिचा हात लेकीच्या हातात होता. दीक्षानं मान वळवली नाही, डोळे मिटलेलेच होते, पण हात सोडलाही नाही.

“माय,” ती एवढंच म्हणाली.

ती हाक जनकाबाईला ओळखीची होती. लहानपणी दारात उभं राहून, टेंपोत बसणाऱ्या आईला हे पोरगं अशीच हाक मारायचं. तेव्हा जनकाबाई म्हणायची, आले गं, मीठ टाकून येते. आणि यायची तोवर लेकरू झोपलेलं असायचं.

ती खाली बसली.

“मिना काय करून राहिली?” तिनं मागं न बघता विचारलं.

“मूग चढवला बिनमिठाचा. त्यात घालते म्हणे.”

“मग? बराबर आहे.”

“व्हय.”

“मग मले काहून सांगून राहिला?”

पुंजाजीनं प्रामाणिकपणे विचार केला. “सवय,” तो म्हणाला.

“जा,” जनकाबाई म्हणाली. “अन् आता काही लागलं तर मिनाले इचार. ती म्हणंल ते.”

तो गेला. जनकाबाईनं पायाचे अंगठे सतरंजीत रोवून धरले. ते तसेच रोवलेले राहिले, पण ती उठली नाही. फुलं पडली, टाळ्या झाल्या, दीक्षानं वाकून पाया पडताना आईच्या पावलांकडं बघितलं आणि डोळे पुसता पुसता हसली.

*

लग्नघरच्या बाईनं पहिल्या पंगतीला बसायचं नसतं, पण जळबानं तिला धरून बसवलं. “आज तू पाव्हणी आहेस,” तो म्हणाला. “मीही आहे. मी तर रोजच असतो.”

जनकाबाईच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला नवरदेवाचे चुलते संतराम. कळमनुरीचे निवृत्त मास्तर, जेवणात दर्दी. त्यांनी भातावर वरण घेतलं, कालवलं, घास घेतला आणि थांबले.

जनकाबाईनंही घास घेतला. वरण पातळ होतं, किंचित गोडसर, मुगाचा वास येत होता. आणि मीठ कमी होतं. फार नाही, अर्धी मूठ. तिचा हात आपोआप पत्रावळीवरून उचलला गेला. भट्टी वीस पावलांवर होती. पोतं तिथंच असणार.

मिना वरणाची बादली घेऊन पंगतीतून येत होती. केस सुटलेले, कपाळाला राख. तिनं तो उचललेला हात पाहिला आणि जागेवरच थांबली.

“विहीणबाई,” संतराम मास्तर म्हणाले, “तुमच्या हातचं वरण मी तीन लग्नांत खाल्लंय. आज वेगळं लागून राहिलं. मीठ जरा…”

“माझ्या हातचं न्हाई ते,” जनकाबाई म्हणाली. तिचा आवाज अख्ख्या रांगेला जाईल एवढा होता. “मिनाचं आहे. तिचं वरण असंच असतंय.”

मास्तरांनी पुन्हा एक घास घेतला, विचार केला. “हलकं आहे,” ते म्हणाले. “या उन्हात बरं वाटतंय. वाढा हो बाई, अजून वाढा.”

मिना पुढं आली. मास्तरांना वाढलं, जळबाला वाढलं. जळबानं वाटी पुढं करताना तिला डोळा मारला, पण तिचं लक्ष नव्हतं. ती जनकाबाईपुढं वाकली.

“माय,” ती हळू आवाजात म्हणाली, “मी ओमप्रकाशले न्हाई म्हणून कळवीन. पण पुड्या पुन्हा नका देऊ.”

“न्हाई देत.”

“अन् परवाचं सेनगावचं लगन मी बघते. भाजी कोणती, बाया कोण, सगळं मी ठरवीन.”

“ठरव.”

“तुमी येऊ नका.”

जनकाबाईनं तोंड उघडलं. सेनगावचं पाणी मचूळ आहे, तिथं मीठ जरा हात राखूनच लागतं, हे तिला सांगायचं होतं. अगदी एवढंच. मिना वाट बघत होती. जनकाबाईनं पत्रावळीवरची बुंदी मूठभर उचलली आणि आपल्याच तोंडात कोंबली, आणि गाल फुगलेल्या चेहऱ्यानं मान हलवून व्हय म्हणाली.